आलेखावरचं टेंगूळ

माझ्या कामाबद्दल लिहायचं तर रणजितबद्दल लिहावं लागतं, आणि हीच माझी या कामाविषयीची मुख्य तक्रार आहे. दिवाळी अंकात अनुभव लिहायला सांगितले की डॉक्टर आपल्या पेशंटबद्दल लिहितात, वकील अशिलांबद्दल. मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि लिहायला बसलोय ते शेजारच्या खोलीत बसणाऱ्या माणसाबद्दल. संपादकांनी समजून घ्यावं. घरच्यांनी कधीच घेतलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी एमएस्सीला आलो. वसतिगृहात खोली एकच मिळाली. पुढं पीएचडीला मार्गदर्शकही एकच. तो राधानगरीकडचा, मी शिरोळचा. सुट्टीवरून येताना तो गावचा तांदूळ आणायचा. शिजायला लागला की असा वास सुटायचा की सगळा मजला ताटं घेऊन आमच्या खोलीत. मी आणायचो काकवी. तिची बरणी कितीही घट्ट लावली तरी थोडी पाझरायचीच. थोडक्यात, त्याच्या तांदळाला माणसं यायची आणि माझ्या काकवीला मुंग्या. पुढच्या आयुष्याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

आता आम्ही एकाच विभागात आहोत, भिंतीला भिंत लावून. त्याच्या खिडकीतून माळ दिसतो आणि माळावर मोर येतात. माझ्या खिडकीतून दुचाकींचं पार्किंग दिसतं. खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या आणि माझी चिठ्ठी मीच उचलली होती, त्यामुळं रीतसर तक्रार करायचीही सोय नाही. विद्यार्थी त्याच्या खोलीत खुर्च्या ओढून बसतात, हसतात, चहा मागवतात. माझ्या खोलीत येतात ते बहुतेक "सर, रणजित सर कुठं गेलेत?" हे विचारायला.

आता कामाचं सांगतो. अणूच्या जगातल्या वस्तूंना एक अजब सवय असते. त्या एकाच वेळी दोन अवस्थांत राहू शकतात, जणू दिवा लागलेलाही आहे आणि विझलेलाही. पुढच्या पिढीचे क्वांटम संगणक याच सवयीवर चालणार आहेत. अडचण एवढीच की ही अवस्था फार नाजूक असते. भोवतालची उष्णता, तारांमधली खरखर, शेजारच्या अणूंची चुळबुळ, सगळे मिळून तिला धक्के देत राहतात आणि ती विरून जाते. या भोवतालाला आम्ही परिसर म्हणतो. वस्तू आणि परिसर यांचं एकमेकांशी कसं चालतं, वस्तू किती वेळ तग धरेल, हे समीकरणं मांडून सांगणं हे माझं काम. प्रयोग दुसरे करतात. मी खुर्चीत बसून भाकीत करतो. कुडमुड्या जोशी आणि मी यांत फरक एवढाच की माझं भाकीत चुकलं तर लगेच कळतं.

नातेवाइकांना मी हे असं समजावतो. तुम्ही लग्नाच्या मांडवात उभे आहात. कुणीतरी फोन नंबर सांगितला, लिहून घ्यायला काही नाही, म्हणून तुम्ही तो मनात घोळवताय. तेवढ्यात एक येतो, "काय पावणं, कवा आला?" दुसरा येतो, "वहिनी कुठं हायत?" तिसरा नुसताच खांद्यावर हात टाकतो. दर भेटीला एखादा आकडा गळतो. तो नंबर म्हणजे आमची क्वांटम वस्तू आणि पाहुणे म्हणजे परिसर. किती पाहुण्यांनंतर नंबर पार जाईल, तेवढं मी काढतो. हे सगळं आमच्या विहारात एकदा सांगितलं तेव्हा मागून एक म्हातारे म्हणाले, "मग मांडवाच्या भाईर जाऊन हुबं ऱ्हायाचं की!" प्रयोगशाळावाले नेमकं तेच करतात. वस्तू इतक्या थंडीत आणि इतक्या आडोशाला ठेवतात की पाहुणे कमीत कमी यावेत. पण पाहुणेच ते. येतातच.

आता या धंद्यातली एक सोय सांगतो, कारण पुढचा सगळा प्रकार तिच्यातून घडला. परिसरात कण इतके असतात की एकेकाचा माग काढणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून आम्ही परिसर विसराळू आहे असं धरतो. वस्तूकडून जे गेलं ते गेलं, परिसर ते लक्षात ठेवून नंतर परत आणून देत नाही. एवढं मानलं की समीकरण शहाण्या मुलासारखं वागतं आणि अवस्था किती उरली याचा आलेख घसरगुंडीसारखा गुळगुळीत खाली येतो. या विसराळूपणावर मी नोकरी मिळवली, लेख लिहिले, पोरांना पीएचड्या दिल्या. कोल्हापुरात राहून असं काही मानायला तशी हिंमतच लागते म्हणा. इथं सकाळी दूध कट्ट्यावर बोललेलं दुपारी आपल्याच दारात परत येतं, वर चार शब्द जास्तीचे घेऊन.

आमच्या कामाला गिऱ्हाईक नसतं असं लोकांना वाटतं. असतं. मलकापूरचे एक गृहस्थ एकदा गळ्यात घालायचं काळं लॉकेट घेऊन माझ्याकडं आले. कुणीतरी ते त्यांच्या गळ्यात मारलं होतं, म्हणजे दोन्ही अर्थांनी. त्यात क्वांटम शक्ती आहे आणि गुडघेदुखी जाते म्हणे. त्यांनाही आता ते विकायचं होतं, आणि त्यासाठी विद्यापीठाचं पत्र पाहिजे होतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि क्वांटम म्हणजे काय हे मुळापासून समजावलं. तळमळीनं समजावलं. शेवटी ते उठले, म्हणाले, "तुमास्नी म्हाईत न्हाय वाटतं. शेजारच्या सायबास्नी इचारतो." आणि गेले रणजितकडं. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"पावणं, ह्यात क्वांटम हाय का? तर हाय."

"बगा! त्ये शेजारचं सायेब न्हाय म्हनत्यात."

"हाय की. पर जेवढं ह्यात हाय तेवढंच तुमच्या पायतानात बी हाय. पायतान घालून गुडघा दुखायचा ऱ्हायला का?"

"न्हाय बा."

"मग ह्ये गळ्यात घालून कसा ऱ्हाईल?"

गृहस्थ खदाखदा हसले, चहा पिऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात रणजितसाठी फणस घेऊन आले. त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ मी खर्च केला होता. फणसाचे चार गरे रणजितनं मलाही आणून दिले. गोड होते, तेच जास्त लागलं.

तर आता मूळ प्रकरण. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत देवधर मॅडम म्हणून आहेत. त्यांच्याकडं नखाएवढ्या चकतीवर कोरलेली एक क्वांटम वस्तू असते, भयंकर थंडीत ठेवलेली. त्या मोजमाप करायच्या, मी आलेख काढून द्यायचो, आणि माझा आलेख त्यांच्या मोजमापावर शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखा बसायचा. मग त्यांनी नवी चकती केली आणि घोटाळा झाला. आलेख नेहमीसारखा खाली यायला लागायचा, आणि मध्येच थोडा वर उचलून परत खाली जायचा. घसरगुंडीला जणू टेंगूळ आलेलं. म्हणजे मांडवातल्या माणसाला विसरलेला फोन नंबर आपसूक आठवावा तसं. माझ्या शास्त्रात असं होत नाही. मी मॅडमना कळवलं, तुमची एखादी तार ढिली असेल, बघून घ्या.

मॅडमनी तारा बघितल्या. मग सगळी जोडणी सोडवून पुन्हा केली. टेंगूळ जिथल्या तिथं. तेव्हा त्यांचा फोन आला.

"सर, तार ढिली नाहीये. तुमच्या गणितात काहीतरी ढिलं आहे. मी रणजित सरांनाही आकडे पाठवलेत. दोघंही बघा. नव्या प्रकल्पात सिद्धांताकडून एकच माणूस घेता येतोय. ज्याला हे टेंगूळ कळेल त्याच्याबरोबर काम करायला मला आवडेल."

ती जागा आपलीच, असं मी धरून चाललो होतो. घरीही तसं सांगून ठेवलं होतं. असा प्रकल्प आमच्या गावाकडं रोज चालत येत नाही, आणि माझ्या वयाकडं बघता हा गेला तर पुढचा येणार नव्हता. आणि जाणार कुणाकडं, तर भिंतीपलीकडं.

त्यानंतरच्या दिवसांत मी भौतिकशास्त्र कमी आणि भिंत जास्त अभ्यासली. रणजितची एक खोड मला वसतिगृहापासून माहीत आहे. गणित सुटत चाललं की तो गुणगुणतो. सूर नाही, ताल नाही, नुसतं नाकातून हूं-हूं. भिंतीपलीकडून हूं-हूं आलं की माझा पेन थांबायचा. हूं-हूं थांबलं की मला भूक लागायची. दिवसभराचा हा अहवाल मी संध्याकाळी घरी सादर करायचो, कारण सांगणार कुणाला? विभागात सगळे त्याचेच.

माझी बायको सुजाता आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवते. तिच्या हाताखालून पोरींच्या कितीतरी तुकड्या गेल्या, पण तिचा सगळ्यात अवघड विद्यार्थी मी आहे, असं ती म्हणते. त्या दिवशी मी शिरोळहून वांगी आणली होती. कृष्णाकाठची, काटेरी, हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा. ती तिनं भरून केली होती आणि समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कसं झालंय?"

"आज सकाळी गुणगुणत नव्हता," मी म्हणालो.

"मी वांग्याचं इचारलं."

"चांगलंय. पण दुपारी परत सुरू झाला. मला वाटतं, त्याला काहीतरी सापडलंय."

सुजातानं डाव खाली ठेवला. "अहो, ह्या घरात माणसं दोन आन् जेवायला रोज तीन! तुमच्या ताटात वांगं हाय, पर तुमी खाताय रणजितभावजींना. ते बिचारे तिकडं आपल्या घरात बसून जेवत असतील. एक तर परकं म्हणून त्यांना द्या सोडून. न्हायतर घरातलं म्हणा आन् घरात मोजा एकदाचं! हे असं अर्धं भाईर, अर्धं आत, माझ्याच्यानं न्हाय बगवत."

घास माझ्या हातातच राहिला. सुजाता मला शास्त्र सांगत नव्हती, एवढ्या निगुतीनं केलेल्या वांग्याचा अपमान झाला म्हणून चिडली होती. पण माझ्या डोक्यात शब्द अडकले. घरातलं म्हणा आन् घरात मोजा.

मांडवात परत चला. पाहुण्यांची गर्दी आहे, येतात, बोलतात, निघून जातात. पण त्यातला एक साडू असा असतो की तो तुमचा हातच सोडत नाही. तुम्ही पुटपुटत असलेला नंबर तो ऐकतो, स्वतःच्या तोंडात घोळवतो, आणि तुम्ही विसरलात की थोड्या वेळानं तोच तुम्हाला परत सांगतो. तेच ते टेंगूळ! या साडूला गर्दीत मोजलं की गणित फसणारच. तो परिसर नाही. त्याला तुमच्या बाजूनं मोजायचं, म्हणजे वस्तू एक नाही, दोघांची जोडी. उरलेली गर्दी मग खुशाल विसराळू धरा. सीमारेषा कुठं ओढायची एवढंच चुकलं होतं. मी इतकी वर्षं ती वस्तूच्या अंगाला घासून ओढत होतो.

"वांगं फार म्हणजे फारच छान झालंय," मी म्हणालो.

"आता न्हाय इचारलं मी," सुजाता म्हणाली.

गणित बसायला थोडे दिवस लागले, पण टेंगूळ आलं. जिथं पाहिजे तिथं, जेवढं पाहिजे तेवढं. मला एवढा आनंद झाला की मी गुणगुणायला लागलो. मग मला वाटलं, भिंतीपलीकडं ऐकू जाईल, आणि मी तोंड दाबून गप्प बसलो.

पुण्याला आम्ही रणजितच्याच गाडीतून गेलो. आधी तो बोलला. त्यानं वेगळी वाट धरली होती. परिसराला सगळंच आठवतं असं धरून त्यानं संगणकाला कामाला लावलं होतं, आणि त्याच्या आलेखावर एक नाही, टेंगळांची रांगच आली होती. पडद्यावर ते चित्र आल्याबरोबर सगळ्यांच्या आधी तोच हसला. "मॅडम, तुमी एक टेंगूळ मागितलं, मी उंटांचा तांडाच घेऊन आलोय." सगळी खोली हसली. हरतानासुद्धा याला टाळ्या मिळतात, बघा.

मग मी फळ्यापाशी गेलो. साडूचं सांगितलं. फळ्यावर दोन वर्तुळं काढली आणि दोघांभोवती मिळून एक रेघ ओढली. मॅडम पुढं सरकून बसल्या.

"म्हणजे आमच्या चकतीतच एखादा दोष आहे? वस्तूच्या सुरात सूर मिसळणारा?"

"हो. तुम्ही वस्तूचा सूर, म्हणजे तिची वारंवारता, थोडी बदललीत तर तो साडू हात सोडेल. टेंगूळ जाईल."

त्यांच्याकडं तशी कळ होती. जेवणानंतर त्यांनी सूर हलवला, आणि मोजमापाच्या पडद्यावर आलेख गुळगुळीत खाली आला. सूर परत जागेवर आणला, टेंगूळ परत आलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, प्रकल्पाचं तुमच्याशीच बोलू या."

या क्षणाची मी किती वाट बघितली होती! मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर रणजितच्या तोंडाकडं बघितलं. पडलेलं तोंड बघायला मिळावं एवढीच अपेक्षा होती. तर तो उठून आला, मला सगळ्यांसमोर मिठी मारली, आणि ओरडला, "मारलं की मैदान, मिलिंदा!" माझ्या बरगड्या कळवळल्या. परत निघेपर्यंत त्यानं कोल्हापुरात सगळ्यांना फोन करून सांगितलंही होतं. माझी बातमी मी स्वतः कुणाला द्यावी, तर तीही त्यानंच देऊन टाकली.

येताना पेठ नाक्यावर चहाला थांबलो. माझ्या मनात एक प्रश्न कधीचा होता. आमच्या शास्त्रात एकतर्फी काही नसतं. वस्तू परिसराला हलवते तेव्हा परिसरही वस्तूला हलवतो, हा पहिला धडा. मग मी इतकी वर्षं याच्यामुळं जळतोय, तर त्याची थोडी तरी धग त्याला लागलीच असणार. गणित तसंच सांगतं.

"रणजित, एक विचारू? तुला माझा कधी हेवा वाटला?"

त्यानं कप खाली ठेवून मनापासून विचार केला. थट्टेवारी नेलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं खरंच आठवून बघितलं.

"न्हाय बा," तो म्हणाला. "तुझा? कशापायी?"

त्यातलं 'न्हाय' मी पचवलं असतं. 'कशापायी' आजही घशात अडकून आहे. ज्याच्यावर मी आयुष्यभर एवढं लक्ष ठेवलं, त्यानं माझ्याकडं हेव्यानं एकदा वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. आता मला त्याच्या या न जळण्याचाही हेवा वाटायला लागला. प्रकल्प माझ्या खिशात होता, आणि चहा मला कडू लागला.

गाडी सुरू केल्यावर त्यानं विचारलं, "पर ते साडूचं तुझ्या डोक्यात कसं गा आलं?"

"जेवताना."

"जेवताना? काय हुतं ताटात?"

"भरलं वांगं."

"मस्करी करतोस व्हय," तो हसला आणि गाडी चालवायला लागला. कोल्हापूरचे दिवे दिसायला लागले, गाव जवळ आलं, तेव्हा आपणहून पुन्हा म्हणाला, "आदी कदी न्हाय सुचलं ते तुला. मला बी न्हाय सुचलं." मी ते वांग्यावरच राहू दिलं. खरं काय ते त्याला सांगायचं म्हणजे ताटात कोण होतं तेही सांगावं लागलं असतं.

प्रकल्प सुरू झाला. मॅडमचे फोन मला येतात, विद्यार्थीही कधी कधी माझ्या खोलीत खुर्च्या ओढून बसतात. असाच एका रविवारी सुजाताचा फोन वाजला. पलीकडं रणजितची बायको, अश्विनीवहिनी. सुजातानं फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण तिचे हात पिठात होते.

"सुजाताताई, तुमची ती भरल्या वांग्याची रीत सांगा की जरा."

"सांगते की. पर भावजी वांगं खात न्हाईत ना?"

"कुठलं खातायत! लगीन झाल्यापासनं एक फोड तोंडात घातली न्हाई. आन् आता दर रविवारी वांगंच पाहिजे. त्येबी तुमच्याकडचं, कृष्णाकाठचं. मंडईतलं चालत न्हाई. खातेत, आन् मग ताटाकडं बगत बसतेत नुसतं. मी म्हणलं, काय हुडकताय? तर म्हणाले, तू गप."

सुजातानं माझ्याकडं बघितलं. मी पेपर तोंडासमोर धरला होता, पण तो हलत होता, कारण मी हसत होतो. तर मग आलं म्हणायचं परत! एवढ्या वर्षांनी का होईना, धग त्यालाही लागली, गेलेलं परत आलं. गणित खोटं नव्हतं.

आता शिरोळला गेलो की मी येताना दोन पिशव्या वांगी आणतो. एक घरी, एक रणजितकडं. निवडून, ताजी, बिनकिडीची देतो, त्यात लबाडी नाही. तो खातो, आणि सोमवारी भिंतीपलीकडं गप्प असतो. वांग्यानं काही होणार नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्यासाठी शेजारच्या खोलीत, ज्याच्यावर जळावं असा एक माणूस लागतो. मला तो पहिल्यापासून होता. त्याला आत्ता कुठं मिळालाय.